मंडळाच्या गणपतीत महेश्वरीचा माग मांडताना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: इंदुरातल्या एका मराठी मंडळाला गणेशोत्सवात तीन दिवस महेश्वरी साडीच्या विणकामाचं प्रात्यक्षिक ठेवायचं आहे. महेश्वरहून विणकर येणार आहेत. माग कोणता आणावा, लोकांना काय दाखवावं, मुलांना हात लावू द्यावा का, विणकरांना काय द्यावं, आणि "ही खरी हातमागाची कशावरून?" असं कोणी विचारलं तर काय सांगावं?

मी इंदूरचीच. विणकाम महेश्वरला शिकले आणि गेली बरीच वर्षं शाळा, मेळे, मंडळं अशा ठिकाणी माग मांडून लोकांसमोर बसते. सगळ्यात आधी एक सांगते, मग बाकीचं. नुसतं विणणं दाखवलंत तर प्रात्यक्षिक फसतं. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे पळतो, तो धागा घट्ट बसवणारी फणी ठोकली जाते, खटखट आवाज येतो. माणूस मिनिटभर बघतो, मोबाइलवर टिपतो आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. त्याला वाटतं, कळलं. कळलेलं काही नसतं. साडीच्या कामातला विणणं हा बघायला सगळ्यात सोपा भाग. त्याच्या आधीचा खटाटोप आणि विणताना येणारा खोळंबा दाखवलात, तर लोक थांबतात, प्रश्न विचारतात, दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊन येतात. सगळी मांडणी या हिशेबाने करा.

आता माग. खड्ड्यातला माग अर्थातच उचलून आणता येत नाही. फ्रेमचा माग सुटा करून टेंपोत घालता येतो. महेश्वर इंदूरपासून साधारण ९० किलोमीटर, पण जाम घाटाने आलात तर वळणांवर सामान हलतं, त्यामुळे धामणोदवरून हमरस्त्याने या. चढवलेला ताणा, म्हणजे उभे धागे, घेऊन प्रवास करायचा असेल तर ज्या दांड्यावर ते गुंडाळतात त्या तुळईवर कागद घालून घट्ट गुंडाळायचे, फणी आणि राच (ताण्याचे धागे उचलणाऱ्या, डोळे असलेल्या चौकटी) एकत्र बांधून सुती कापडात लपेटायचे. इथे आल्यावर जोडणी, समपातळी, ताण बसवणं यात अर्धा दिवस सहज जातो. म्हणून उद्घाटन सकाळी दहाला आणि टेंपो सकाळी आठला, असला कार्यक्रम छापू नका. आदल्या दिवशी दुपारी माग उभा राहिला पाहिजे.

जागा निवडताना स्टेजचा मोह टाळा. बल्ल्यांवर फळ्या टाकून केलेलं स्टेज उसळतं. फणीच्या प्रत्येक ठोक्याला माग केसभर सरकतो आणि संध्याकाळपर्यंत तिरका होतो. मग एका बाजूचे धागे सैल, दुसऱ्या बाजूचे ताठ. फरशी हवी. फरशीवर गालिचा नको. पायाखाली एखाद्या ठिकाणी पाचर लागतेच, ती आणून ठेवा. उजेड वरून नको, बाजूने हवा. एका कडेला ट्यूबलाइट उभी लावलीत तर पायाखालची पावडी दाबल्यावर धाग्यांचे दोन थर वेगळे होऊन मधे जी वाट उघडते, ती लांबून दिसते. वरच्या हॅलोजनखाली सगळं एकसारखं चकाकतं आणि काही दिसत नाही. उभा पंखा मागाच्या अंगावर सोडू नका. बारीक रेशीम उडतं, एकमेकांत अडकतं.

आणि लोकांना मागाच्या दोन्ही बगलांना उभं राहू देऊ नका. समोर चालेल, विणकराच्या पाठीमागे तर फारच उत्तम, कारण तिथून विणकराला दिसतं तेच दिसतं. बगलेला मात्र दोरी बांधा. दोरीच्या झटक्याने सुटणारा धोटा त्याच रेषेत धावतो, त्याची टोकं धातूची आणि निमुळती असतात, आणि वाट नीट उघडली नसेल तर धोटा टोकाच्या पेटीत न शिरता सरळ बाहेर सुटतो. तिथे सात-आठ वर्षांचं पोर उभं असेल तर धोटा त्याच्या चेहऱ्याच्या उंचीला येतो. बाकी नियमांत थोडं इकडे-तिकडे झालं तर चालेल, यात नाही.

गणपतीतल्या खास अडचणी वेगळ्याच. पहिली गुलाल. पांढऱ्या किंवा फिक्या ताण्यावर गुलालाची चिमूट पडली की ओल्या हवेत ती रंग सोडते आणि तो तुकडा वाया. दुसरी मोदकाचे तुपकट हात. तिसरी भाद्रपदातली दमट हवा. लाकूड फुगतं, ताण बदलतो, सकाळी माग लावताना विणकराला पुन्हा सगळं जुळवावं लागतं, तेवढा वेळ त्याला द्या. (मे महिन्यात अहिल्याबाईंच्या जयंतीला कार्यक्रम ठेवणाऱ्यांची अडचण बरोबर उलटी असते. इंदूरच्या कोरड्या उन्हात धागा कडक होऊन तुटतो, मागाजवळ ओलं फडकं टांगावं लागतं.) चौथी उंदीर. धाग्याला खळ लावलेली असते आणि उंदरांना ती आवडते. रात्री ताण सैल करून ठेवा, वर जुनी सुती चादर घाला. प्लास्टिक नको, आत दव धरतो. आणि राखणीला माणूस ठेवा. आरतीच्या वेळी माग थांबवा; झांजा आणि धोट्याची खटखट दोन्ही एकदम कोणालाच ऐकू येत नाहीत.

मुख्य मागावर खरा महेश्वरी ताणा हवा, म्हणजे रेशमाचा ताणा आणि सुती बाणा (आडवे धागे). तेच त्या कापडाचं वैशिष्ट्य, त्यामुळेच ते हलकं पडतं आणि तरीही झळकतं. पण हे रेशीम २०/२२ डेनियरचं (डेनियर म्हणजे धागा किती बारीक याचं माप) असतं. तीन फुटांवरून धागा म्हणून दिसतच नाही, नुसता पडदा दिसतो. साडीच्या रुंदीत असे चार हजारांच्या आसपास धागे आहेत, हे लोकांना सांगून खरं वाटत नाही. म्हणून शेजारी एक छोटा टेबल लूम हवाच. त्यावर जाड सूत, दोन-वीस नंबरचं चालेल, ताणा एका रंगाचा आणि बाणा त्याच्या विरुद्ध रंगाचा. गर्द निळा ताणा आणि पिवळा बाणा घ्या. एक धागा वर, एक खाली, हे मग पहिलीतल्या मुलालाही दिसतं. आणि निळ्या-पिवळ्याचं कापड लांबून हिरवट दिसायला लागलं की धूपछाव म्हणजे काय हे समजावायला शब्द खर्चावे लागत नाहीत. तिथून हात धरून मोठ्या मागाकडे न्यायचं आणि तेच रेशमात दाखवायचं.

मुलांना हात लावू द्यायचा का, तर हो, पण या छोट्या मागावर. प्रत्येकाला चार वेळा धोटा टाकू द्या. पहिला फसतो, दुसऱ्याला कड आत ओढली जाते, तिसऱ्याला जमतं, चौथ्याला मूल मागे वळून आईकडे बघतं. माणशी दोन मिनिटं धरली तर तासात तीसेक जण होतात. प्रत्येक मुलाच्या पट्टीनंतर एक जाड वेगळ्या रंगाचा धागा टाका, म्हणजे संध्याकाळी कापून ज्याची त्याला देता येते. मोठी माणसंही रांगेत येतात, फक्त आधी "मुलांसाठी आहे ना?" असं विचारतात. त्यांना बसवा. मोठ्या मागावर मात्र कोणालाही बसवायचं नाही, मग ते नगरसेवक असोत की प्रमुख पाहुणे. घामट हाताने रेशमाचा धागा पकडला की तो तुटतो, आणि विणकराला तोंडावर नाही म्हणता येत नाही. नाही म्हणण्याचं काम मंडळाने करायचं.

आता दाखवायचं काय. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ सांधणीला द्या. पहिला ताणा संपत आला की विणकर तो पूर्ण विणून काढत नाही. फणीत आणि राचांत ओवलेली जुनी टोकं तशीच ठेवतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या एकेका धाग्याला जोडतो. तसं केलं नाही तर हजारो धागे पुन्हा राचांच्या एकेका डोळ्यातून ओवत बसावं लागेल. हे काम करणारा माणूस मागात खाली बसतो. शेजारी वाटीत राख. डाव्या हाताच्या बोटांत जुनं आणि नवं टोक एकत्र धरतो, उजव्या अंगठ्याने आणि तर्जनीने राखेची चिमूट लावून पीळ देतो आणि तो पीळ धाग्यालगत मागे झोपवतो. गाठ नाही. गाठ असती तर फणीतून जाताना अडकली असती. एक सांधा व्हायला दोन-तीन सेकंद लागतात, पण बघणाऱ्याला पीळ दिलेला दिसत नाही. फक्त बोटं एकमेकांवर घासलेली दिसतात आणि दोनाचा एक धागा झालेला असतो. मग सगळा जोडलेला ताणा हळूहळू पुढे ओढायचा, फणीतून सांधे पार होताना एकही निसटू द्यायचा नाही. त्या वेळी आजूबाजूला बोललेलं विणकराला आवडत नाही.

तीन दिवसांतला एक पूर्ण दिवस सांधणीचा ठेवा, अगदी उघड जाहीर करून. "आज विणकाम नाही, सांधणी" असा फलक लावा. मंडळाचे कार्यकर्ते घाबरतात, म्हणतात माग बंद दिसेल. दिसू दे. मी पाहिलं आहे, लोक जमिनीवर बसून बघतात. एखाद्याला राखेची वाटी आणि दोन जाड दोरे द्या आणि म्हणा, घाल पीळ. पाच मिनिटं झटून जमलं नाही की तो साडीच्या किमतीबद्दल निराळ्या आवाजात बोलतो.

दुसरी गोष्ट, तुटलेला धागा. विणताना धागा तुटतो, तुटणारच. अशा वेळी निवेदक गडबडून माइकवर अहिल्याबाईंची महती सांगायला लागतात. तसं करू नका. उलट त्याच क्षणी लोकांना जवळ बोलवा. विणकर पाय थांबवतो, हाताचा पंजा ताण्यावरून अलगद फिरवतो आणि सैल जागा डोळ्यांआधी तळव्याला लागते. मागे जाऊन तुटकं टोक शोधतो, त्याला तुकडा जोडतो, राचेच्या डोळ्यातून ओढतो, मग फणीच्या नेमक्या त्याच फटीतून आकड्याने पुढे घेतो. शेजारच्या फटीत गेला तर कापडात शेवटपर्यंत उभी रेघ दिसते. पुढे आलेलं टोक कापडात टाचणीने अडकवतो, दोन-चार ठोके मारतो, रेघ बुजते. हे सगळं तीन-चार मिनिटांचं काम. ते पूर्ण होईपर्यंत गर्दी हलत नाही.

काठ कसा निघतो हे दाखवायला डॉबी उत्तम. मागाच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची साखळी असते, पट्ट्यांना भोकं, काही भोकांत खुंट्या. खुंटी असेल तिथला राच उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. पायाच्या एका दाबाला एक पट्टी पुढे सरकते. साखळी फिरून पुन्हा सुरुवातीला आली की काठावरचा नमुना पुन्हा सुरू होतो. कॉम्प्युटर शिकलेली मुलं हे चटकन पकडतात. शेजारी एक सुटी पट्टी आणि मूठभर खुंट्या ठेवा, म्हणजे ती मागावरच्या खुंट्या काढायला जाणार नाहीत.

काठांच्या नमुन्यांसाठी महेश्वरच्या किल्ल्याचे आणि घाटाचे फोटो छापून आणा. चटई, वीट, हिरा, लहर, रुईफूल, चमेली ही नावं नुसती वाचून दाखवलीत तर विसरली जातात. दगडी कोरीवकामाचा फोटो आणि त्याच्याशेजारी काठाचा तुकडा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, जोड्या लावायला द्या. पदर आवर्जून उघडा ठेवा: पारंपरिक महेश्वरी पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि मधे दोन पांढरे. बुगडी काठाची एखादी जुनी साडी मिळाली तर ती घडी न घालता टांगा आणि लोकांना दोन्ही बाजू बघू द्या, दोन्हीकडून सारखी. मंडळातल्या आजींच्या कपाटात अशी साडी निघतेच. चंद्रकलाही निघेल.

रंगकाम मांडवात करू नका. उकळतं पाणी, गर्दी, ओली फरशी, नको. रंगवलेल्या लडी टांगा, तेवढं बास. कोणी विचारलं की रंग झाडापानांचे का, तर खरं सांगा, आता बहुतेक काम रासायनिक रंगांत होतं. तसंच रेशीम बंगळूरूकडून येतं, सूत कोइमतूरकडून आणि जरीचा धागा सुरतेहून. लोकांना सगळं महेश्वरच्याच मातीतलं असावंसं वाटतं, पण तसं सांगून पुढे पंचाईत होते. जरीबद्दल तर फारच सावध बोला. आजच्या बहुतेक साड्यांत सोन्या-चांदीची जर नसते, आणि विणकर ती आहे म्हणतही नाहीत. म्हणतात ते मधले दलाल.

इतिहास किती सांगायचा? थोडा. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य केलं, राजधानी महेश्वरला ठेवली आणि बाहेरून विणकर आणून वसवले. पाहुण्यांना आणि नातलगांना द्यायच्या नऊवारी साड्या आणि पागोट्यांचं कापड इथे विणलं जाई, असं परंपरा सांगते. पहिल्या साडीचं रेखाटन बाईंनी स्वतः केलं, हीही परंपराच. "असं म्हणतात" असं म्हणूनच सांगा. १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि महेश्वरचा दरबारी गिऱ्हाईक गेला, हे इंदूरकरांना मुद्दाम सांगण्यासारखं. पुढे गिरण्यांच्या कापडापुढे माग कमी होत गेले, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी ही विणकामाची संस्था सुरू केल्यावर महेश्वरच्या बायका मोठ्या संख्येने मागावर बसल्या. इतकं पुरे. यापुढे निवेदक गेला की लोक उठतात.

त्यावरून आठवलं. बाई चरख्यावर धोट्यात घालायच्या धाग्याची कांडी भरते आहे आणि पुरुष मागावर बसला आहे, हे चित्र आपोआप तयार होतं, कारण पोस्टरवर तसंच छापलेलं असतं. देशाच्या २०१९-२०च्या हातमाग गणनेत पस्तीस लाखांहून जास्त विणकर आणि जोडकाम करणारे मोजले गेले, त्यांत सुमारे ७२ टक्के बायका होत्या. महेश्वरला तर घराघरांत बायका विणतात. विणणारी बाई बोलवा आणि कांडी भरायला तिच्या नवऱ्याला बसवा, असंही चालतं. आणि कृपा करून त्यांना फेटे, नऊवारी, ठुशी घालून सजवू नका. ती माणसं कामाला आलेली आहेत. मागावर बसताना लोंबतं काही घालत नाहीत, दागिना धाग्यात अडकतो.

बोलणारा आणि विणणारा वेगळा ठेवा. पाय, हात आणि नजर तिन्ही गुंतलेली असताना माणसाला प्रश्नांना उत्तरं द्यायला लावलं की धागे तुटतात. मंडळातल्या दोघांना आदल्या दिवशी विणकराशेजारी दोन तास बसवा, ते पुरेसं तयार होतात. विणकर निमाडी वळणाची हिंदी बोलेल, त्याचं मराठी करून सांगायची इंदुरात कोणाला गरज नाही. दर तासाला पंधरा मिनिटं माग बंद ठेवून विणकराला स्वतःला बोलू द्या. महेश्वरचे विणकर हिंदूही आहेत, मुसलमानही. शुक्रवार येत असेल तर दुपारचा नमाज विचारून घ्या, जेवणात कोणाला काय चालतं तेही आधीच विचारा, ऐनवेळी कोणाला अवघड वाटू नये.

आता तो प्रश्न: हातमागाची ओळख. तुमच्या निवेदकांच्या तोंडून चुकीची माहिती जाऊ नये, म्हणून जरा विस्ताराने. कडेला सुईची बारीक भोकं असली की साडी हातमागाची, असं सर्रास सांगितलं जातं. कापड रुंदीत ताणून धरायला दोन्ही टोकांना सुया असलेली काठी लावतात, तिची ती भोकं असतात, हे खरं. पण यंत्रमागावरही कड धरायला दातेरी साधन असतं आणि त्याच्याही खुणा उमटतात. नुसत्या भोकांवर भरवसा नको. दुसरा समज, विणीत चुका दिसल्या म्हणजे हातमाग. चांगल्या विणकराला हे ऐकून राग येतो, आणि यायलाच हवा. तिसरा प्रकार धागा जाळून बघण्याचा. जाळल्यावर रेशीम आहे की नायलॉन-पॉलिएस्टर हे कळतं. हाताने विणलं की यंत्राने, ते राखेवरून कळायचं नाही, आणि मंडपात काडी ओढायची नाही हे तर आहेच.

मग सांगायचं काय? साडी उलटी करून काठ बघा. उलट बाजूला सुटे, कापलेले धागे भरपूर असतील तर दुकानदाराला विचारा कसं विणलं आहे. २००६ पासून हातमागासाठी हँडलूम मार्क हे सरकारी चिन्ह आहे, ते मागा. महेश्वरी साडीला भौगोलिक मानांकनही आहे. १९८५चा हातमाग आरक्षण कायदा आहे, त्यात काही वाण हातमागासाठी राखून ठेवले आहेत आणि ठरावीक प्रकारच्या साड्या त्यांत येतात. आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ओळखीच्या विणकराकडून किंवा त्यांच्या संस्थेकडून घेणं. तीन दिवस शेजारी बसून बघितलेला माणूस पुढे महेश्वरला जाऊन त्याच विणकराचं दार ठोठावतो, असं पुष्कळदा घडतं. साधी साडी दोन-तीन दिवसांत उतरते, काठ-पदर भरगच्च असेल तर आठवडा किंवा जास्तही जातो, हेही सांगा. मात्र "त्यात ताणा लावणं, रंगवणं, सांधणी, कांड्या धरलेल्या नाहीत" हे वाक्य जोडायला विसरू नका.

इंदुरात एक प्रेक्षक असा येतो, जो बाकी शहरांत सहसा मिळत नाही: गिरणीत काम केलेले आजोबा. मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याण, भंडारी, या गिरण्यांत आयुष्य गेलेली माणसं किंवा त्यांची मुलं अजून आहेत. हुकुमचंद १९९१ मध्ये बंद पडली, पण हातांची सवय जात नाही. हे आजोबा गर्दीत मागे उभे राहतात, काही बोलत नाहीत, आणि धागा तुटला की सगळ्यांच्या आधी त्यांना दिसतो. त्यांना खुर्ची द्या, मागाच्या पाठीमागे जागा द्या. विणकराशी त्यांचं जे बोलणं सुरू होतं, फणीच्या नंबरावरून, सुताच्या पिळावरून, ते ऐकायला मुलांना जवळ बसवा. कुठल्याही निवेदकाला ते जमणार नाही.

पैशाचं. विणकराला मानधन म्हणून नारळ आणि शाल देऊन बोळवण करणारी मंडळं मी पाहिली आहेत. हिशेब साधा आहे: येण्याचा दिवस, जोडणीचा दिवस, प्रात्यक्षिकाचे तीन, उतरवून परत जाण्याचा एक, इतके दिवस त्याच्या घरचा माग बंद आहे. मागावर जी कमाई झाली असती तिच्याहून जास्त द्या, कारण लोकांसमोर दिवसभर बसणं हे वेगळं आणि थकवणारं काम आहे. सांधणी करणारा सोबत आला तर त्याचं वेगळं. टेंपो, मुक्काम, जेवण मंडळाकडे. काही रक्कम आधी पाठवा. विक्री ठेवायची असेल तर वेगळ्या टेबलावर, किमतीच्या चिठ्ठ्या लावून, वेगळ्या माणसाच्या हाती. मागावर बसलेल्या माणसाशी घासाघीस होता कामा नये. आणि विक्रीतून मंडळाने टक्केवारी कापू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वर्गणी आहे की तुमच्याकडे.

फोटो आणि रील यांबद्दल विणकराला आधी विचारा. नव्या काठाचा जवळून काढलेला व्हिडिओ यंत्रमागवाल्याच्या हाती पडला की महिन्याभरात तो काठ स्वस्तात बाजारात येतो, ही भीती निराधार नाही. म्हणून मी नेहमी सांगते की प्रात्यक्षिकाला जुना, सगळ्यांना माहीत असलेला काठ लावून आणा, चटई किंवा लहर. मग लोकांनी हवे तेवढे फोटो काढावेत. फक्त फ्लॅश बंद, विणकराचे डोळे दिपतात.

शेवटचं, माग उतरवण्याचं. मंडळांना प्रात्यक्षिक शेवटच्या तीन दिवसांत ठेवावंसं वाटतं, कारण गर्दी तेव्हाच असते. ते करू नका. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) निघतात, दुपारपासून अर्ध्या शहराचे रस्ते वळवलेले असतात आणि तुमचा टेंपो राजवाड्याच्या अलीकडे अडकला तर पहाटेपर्यंत हलत नाही. चौथा, पाचवा, सहावा दिवस घ्या. सातव्या दिवशी सकाळी माग सुटा करा, ताणा कापायचा नसेल तर फणी-राच आधी बांधून घ्या, खिळे आणि पाचरी एका पिशवीत, पिशवी विणकराच्या हातात. उतरवायला दोन तास राखून ठेवा आणि चार धडधाकट पोरं सांगून ठेवा. मांडणीला सगळे असतात, उतरवायला कोणी सापडत नाही.